मूळ रंगाची गाडी भंगारात घालू नका!

जुनी मोटारगाडी म्हणजे श्रीमंतांचा शौक, असे आपल्याकडे सरसकट मानले जाते. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी मोठ्या शहरांतून जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. कोणा संस्थानिकाची रोल्स रॉईस, कोणा गिरणीमालकाची ब्यूक. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत रंगीत छायाचित्रे झळकतात आणि आमचा वाचक मुकाट्याने पान उलटतो. ज्याला पोराच्या फीचा हप्ता भरायचा आहे, त्याने या चकचकाटाकडे पाहून करायचे काय? चळवळीच्या पानावर मोटारगाडीचे काय काम, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. तरीही आम्ही आज याच विषयावर लिहीत आहोत, कारण आमच्या डोळ्यांदेखत जे घडले ते गप्प बसू देत नाही.

काही दिवसांपूर्वी आमच्या परिचयातल्या एका घरासमोर भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. घरातले कर्ते गृहस्थ वारले होते. सरकारी नोकरीत कारकून म्हणून लागून पुढे अधिकारी झालेला हा माणूस. त्यांच्या १९७८ च्या पद्मिनीला साखळ्या लावून टेम्पोत ओढण्याचे काम चालू होते. मुले शिकलेली, चांगल्या पगाराची. इमारतीचा पुनर्विकास होणार, गाडी ठेवायला जागा नाही. आम्ही विचारले, तर थोरला म्हणाला, "काका, रंग उडालाय, सीट फाटलंय. काय ठेवायचं त्यात?" तो आकाशी रंग कारखान्यातून आला तसाच होता. चाळीसहून अधिक वर्षांच्या उन्हापावसाने तो फिकटला होता, इतकेच. संध्याकाळपर्यंत त्या गाडीचे वजन झाले आणि किलोच्या भावाने पैसेही हातात पडले.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात आमच्या एका स्नेह्याने आपली जुनी फियाट 'नवी करून' आणली. लालभडक रंग, चकाकणारी नवी चाके, पांढरी सीटे. बघणारे वाहवा करत होते. आम्हाला मात्र दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडलेली दिसली. एकाने गाडी मोडून टाकली, दुसऱ्याने तिच्यावर रंग चढवून ती कोण होती हेच मिटवून टाकले.

इथे आम्ही न्यायाधीशाचा आव आणणार नाही. हा गुन्हा आम्हीही केला आहे. आमचे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून त्यांनी १९७४ ची जुनी पद्मिनी घेतली. आमच्या गल्लीतली ती पहिली मोटार. ती आमची एकट्यांची कधी नव्हतीच. रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचे असो, कोणाच्या पोरीची पाठवणी असो, गाडीची चावी खुंटीवर सर्वांसाठी होती. वडील गेल्यानंतर, १९९८ साली, आम्ही ती गॅरेजात घातली. पेट्रोल परवडत नव्हते म्हणून डिझेलचे इंजिन बसवले. करडा रंग मेला-मेला दिसतो म्हणून लाल मारला. जुनी सीटे काढून टाकली. वडिलांच्या तळहाताने स्टिअरिंगचा एक भाग घासून गुळगुळीत झाला होता, ते स्टिअरिंगही बदलले. गाडी झोकदार दिसू लागली. पण आई तिच्यात बसली आणि म्हणाली, "ही आपली गाडी नव्हं." तेव्हा आम्हाला हसू आले होते. आज येत नाही.

मूळ अवस्था म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. चकचकीत म्हणजे मूळ नव्हे. मूळ गाडी म्हणजे जिच्यात कारखान्याने घातलेले इंजिन, मूळ पत्रा, शक्य तितका मूळ रंग, मूळ काचा आणि मूळ सीटे आहेत; जिच्यावर वापराच्या खुणा आहेत, पण बनवाबनवी नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने 'टूरिन सनद' स्वीकारली आहे. तिचा गाभा हाच, की जे टिकले आहे ते आधी टिकवा. नाइलाज असेल तिथेच दुरुस्ती करा, आणि जे बदलाल त्याची नोंद ठेवा. सीट पुन्हा शिवता येते, रंग दहा वेळा देता येतो. पण कारखान्यातला तो पहिला रंग एकदाच मिळतो. खरवडून काढला की कुबेरालाही तो विकत घेता येत नाही.

आता ज्या गाडीविषयी आम्ही बोलतो आहोत तिचा इतिहास पाहा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्यात तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तिथे अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ नंतर सरकारने नुसती जुळणी करून विकणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव ठेवला नाही; जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. मग सामान्य ग्राहकापुढे उरल्या मुख्यत: अँबेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा तो काळ. १९५४ पासून आलेल्या फियाट ११०० चे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. तिच्या गोलमटोल अंगामुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले. १९६४ मध्ये डिलाइट आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. इंजिन तेच, १०८९ सीसीचे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, मागे पाटे.

नाव चितोडच्या राणीचे, पण ही गाडी राणीसारखी कधी जगली नाही. ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. हजारो संसार तिच्यावर चालले. गिरणीतून सुटलेला कामगार, इस्पितळातून बाळ घेऊन निघालेली बाई, पहिल्यांदाच मुंबईत उतरलेला खेड्यातला विद्यार्थी, सर्वांना तिने नेले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा लागू झाली आणि २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. एक तरी पद्मिनी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. राजाची गाडी जपायला राजवाडा असतो. टॅक्सी जपायला कोण आहे?

आमच्या लेखाचा खरा मुद्दा इथे आहे. वारसा कोणाचा मानायचा? संस्थानिकाच्या गाडीला वंशावळ असते. ती कोणी मागवली, तिच्यातून कोणता व्हाइसरॉय फिरला, हे सारे लिहिलेले असते. कुर्ल्याच्या गाडीचा पत्रा कोणी ठोकला, सांधे कोणी जोडले, याची नोंद कुठे आहे? ती नोंद फक्त गाडीच्या अंगावर आहे. २०१९ मध्ये आम्ही एका निवृत्त मुख्याध्यापकांकडून १९७१ ची फियाट घेतली. किंमत एखाद्या बऱ्या मोटारसायकलीएवढी. मागचे सीट उचलले, तर खाली पत्र्यावर पिवळ्या खडूने लिहिलेला एक आकडा निघाला. बहुधा जुळणी करताना कोणा कामगाराने लिहिलेला. त्याचे नाव आम्हाला कधीच कळणार नाही. तो कोकणातला की घाटावरचा, कोणत्या जातीचा, कोणत्या चाळीतला, काही कळणार नाही. पण त्याच्या हाताचे वळण आमच्यासमोर आहे. वडिलांच्या गाडीतही सीटखाली असे काही असेल. आम्ही पाहिलेच नाही. पेंटरने घासकागद मारला आणि वर लाल रंग बसला.

ज्यांच्या इतिहासावर पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांनी आपला रंग चढवला, त्यांना मूळ पुराव्याचे मोल शिकवावे लागू नये. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचा टाईपरायटर आहे, त्यांचे कपडे आहेत. तो टाईपरायटर जुनाट दिसतो म्हणून त्याला कोणी नवा रंग मारील काय? कोटाची वीण विरली म्हणून तसाच दुसरा शिवून तिथे टांगील काय? मुळीच नाही! तिथे आपल्याला कळते, की झिजलेली कळ हाच पुरावा आहे. आमच्या वडिलांचे स्टिअरिंग आणि बाबासाहेबांचा टाईपरायटर यांची तुलना आम्ही करत नाही. ती होऊच शकत नाही. पण न्याय एकच आहे. थोरांच्या वस्तूंना जो नियम लावतो, तो बापाच्या वस्तूला थोडा तरी लावला पाहिजे.

आता ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे, त्यांच्यासाठी ठेचा खाऊन शिकलेल्या चार गोष्टी.

पहिली गोष्ट, रंगाला भुलू नका. नव्या रंगाची जुनी गाडी दिसली की सावध व्हा. खिशात लोहचुंबक ठेवा आणि चाकांच्या कमानी, दरवाजांचे तळ, पायरीचा पत्रा यांवर फिरवा. चुंबक धरत नसेल तर आत पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. ही गाडी वेगळ्या सांगाड्यावर बसवलेली नाही, तिचे अंग हाच तिचा सांगाडा. त्यामुळे तळाचा गंज नुसता दिसायला वाईट नसतो, तो जिवाशी खेळ असतो. रबरी चटया उचला, डिकीतले जादा चाक काढून खाली पाहा. दरवाजाचे बीडिंग थोडे सरकवले की मूळ रंग कोणता ते कळते. फिकट पण अस्सल रंगाची आणि तळ शाबूत असलेली गाडी, ही चकाकणाऱ्या सडक्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

दुसरी गोष्ट इंजिनाची. फियाटला पुढे अनेकांनी डिझेलची इंजिने बसवली, गॅसची किट लावली. त्यात त्यांचा दोष नाही, पोटापाण्याचा प्रश्न होता. पण तुम्ही मूळ गाडी म्हणून पैसे मोजत असाल, तर बॉनेटखालच्या पट्टीवरचा आणि प्रत्यक्ष इंजिन-चासीवरचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. एक आकडा जुळत नसेल तरी व्यवहार थांबवा. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही येण्याआधीच गरम करून ठेवलेली गाडी काहीतरी लपवत असते.

तिसरी गोष्ट कागदांची, आणि इथेच आपली माणसे फसतात. गाडी घरात येते, पण नाव मूळ मालकाचेच राहते. विक्रीसाठी नमुना २९ आणि ३० लागतात. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१. परराज्यातली गाडी असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र. आणखी एक बाब. आमच्या अनेकांच्या वडिलांनी कर्ज काढून गाडी घेतली. कर्ज केव्हाच फिटले, पण आरसी बुकावरचा बँकेचा बोजा तसाच आहे. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ देऊन तो उतरवून घ्या. म्हातारी माणसे हयात आहेत तोवर हे करा. नंतर दहा दारे झिजवावी लागतात.

चौथी गोष्ट कायद्याची. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. २०२२ मध्ये नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० झाले. जुनी गाडी गरिबाने ठेवू नये, असाच याचा अर्थ होतो. मात्र २०२१ मध्ये केंद्राने एक वेगळी वाटही काढली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपातली, चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खाजगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणायची. हिशेब करा. आमच्या वडिलांच्या गाडीला २०२४ मध्ये पन्नास वर्षे झाली. वय बसले, पण गाडी बसत नाही, कारण इंजिन आम्हीच बदलून ठेवले! पेट्रोलचे चार पैसे वाचवले आणि तिची ओळख गमावली.

घेतलेली गाडी सांभाळणे हे वेगळे काम. तिला बंद ठेवू नका. आठ-पंधरा दिवसांनी इंजिन पुरते गरम होईल इतकी चालवा. हवा खेळू न देणाऱ्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली ती झाकू नका, पावसाळ्यात आतल्या आत घाम धरून पत्रा सडतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी धरते आणि जुन्या रबरी नळ्या, गॅसकेट खाते. नळ्या नव्या प्रतीच्या बसवा, नाहीतर गळतीतून आग लागेल. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत; ते आजच्या गाडीसारखे लागणार नाहीत, तेव्हा द्रुतगती मार्गावर मर्दुमकी दाखवू नका. ब्रेक, टायर, वायरिंग यांच्या बाबतीत मूळपणाचा हट्ट धरणे हा निव्वळ मूर्खपणा आहे. बदला, पण काढलेला भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवा.

आणि एक गोष्ट आमच्या गॅरेजातल्या भावांसाठी. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकते. हवा मारून ती धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला योग्य मास्क लावा. मालकाच्या छंदासाठी मिस्त्रीने आपली फुप्फुसे खर्ची घालायची नाहीत. या गाड्या जिवंत ठेवणारी विद्या पुस्तकांत नाही. आवाज ऐकून पॉइंट बिघडला की कार्ब्युरेटर, हे सांगणारा म्हातारा मिस्त्री शाळेची पायरी चढलेला नसेल. हाताने काम करणाऱ्याला अडाणी ठरवणारी ही व्यवस्था त्याला कारागीर म्हणते, तज्ज्ञ म्हणत नाही. त्याला पुरती मजुरी द्या. त्याच्याजवळ एखादे पोर शिकायला बसवा. तो गेला की गाडीही गेलीच.

कोणी म्हणेल, जुनी गाडी धूर सोडते, तिला जायलाच हवे. रोज पळणारी धुराडी रस्त्यावरून हटली पाहिजेत, याला आमचा पाठिंबा आहे. धुराचा पहिला बळी रस्त्याकडेच्या वस्तीतला माणूस असतो. पण महिन्याकाठी दोनदा फिरणारी, नीट राखलेली गाडी हा वेगळा प्रश्न आहे. कोणी असेही म्हणेल, की गाडी जपण्यापेक्षा पोरे शिकवा. शंभर टक्के मान्य! कर्ज काढून, घराला पोटाला चिमटा देऊन हा छंद करू नका. ज्याला झेपेल त्यानेच करावा. मात्र ज्याच्या अंगणात बापाची गाडी आधीच उभी आहे, त्याला ती विकत घ्यायची नाही. त्याने फक्त भंगारवाल्याला थांबवायचे आहे.

जागा नसेल तर चार घरांनी मिळून एक शेड करावी. तेही जमत नसेल तर गाडीचे फोटो काढा, वडिलांची बिले आणि आरसी बुक जपा, ती कोणाकोणाच्या कामी आली ते म्हाताऱ्यांकडून लिहून घ्या, आणि ती तोडणाऱ्याला नव्हे, तर जपणाऱ्याला विका.

वडिलांची लाल गाडी अजून आमच्याकडे आहे. तिचा मूळ करडा रंग कुठे उरला आहे का, म्हणून आम्ही परवा टॉर्च घेऊन डॅशबोर्डच्या मागे पाहिले. तळहाताएवढा तुकडा सापडला. आईला दाखवायला आता आई नाही. तेवढा तुकडा आम्ही पेंटरला कधीही शिवू देणार नाही. ज्यांची गाडी अजून पुरती शाबूत आहे, त्यांनी आमच्यासारखी टॉर्च घेऊन शोधण्याची वेळ स्वत:वर आणू नये, इतकेच सांगणे आहे.